राजमुखाकडून राजमुद्रेकडे : स्वतंत्र भारताची पहिली चलनी नाणी (१९४७-१९६४)

प्रस्तावना

नाणे हे इतिहासाचे सर्वांत अधिक हाताळले जाणारे आणि सर्वांत कमी वाचले जाणारे साधन आहे. शिलालेख पाहण्यासाठी जावे लागते, दप्तर उघडण्यासाठी परवानगी लागते. नाणे मात्र प्रत्येकाच्या कनवटीला असते. राज्यकर्ता बदलला ही वार्ता खेडोपाडी पोहोचविण्याचे काम वृत्तपत्रे आणि नभोवाणी यांच्या पूर्वी नाण्यानेच केले. म्हणूनच सार्वभौमत्वाची घोषणा आणि नाण्यांची पाडणी या दोन घटना जगाच्या इतिहासात बहुधा जोडीने येतात. महाराष्ट्राला याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. इ. स. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी स्वतंत्र राज्याची खूण म्हणून पुढे आली. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे आहेत. राजाचे नाव त्यावर आहे, चेहरा मात्र नाही.

विसाव्या शतकात पारतंत्र्यातून मुक्त झालेल्या आशिया व आफ्रिका खंडांतील राष्ट्रांपुढे हाच प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला. परक्या राजाचा चेहरा नाण्यावरून काढल्यानंतर त्या रिकाम्या जागी काय ठेवावयाचे? भारताने या प्रश्नाचे उत्तर १५ ऑगस्ट १९५० रोजी प्रसृत झालेल्या नाण्यांद्वारे दिले. ही नाणी ‘आणा मालिका’ म्हणून ओळखली जातात. नाणेसंग्राहकांच्या सूचींत त्यांची धातू, वजन व वर्षे यांनुसार नोंद आढळते; परंतु एका नवस्वतंत्र राष्ट्राने केलेली राजकीय निवड म्हणून त्यांचा विचार क्वचितच होतो.

उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) १९५० च्या नाणेमालिकेत काय बदलले व काय जाणीवपूर्वक तसेच ठेवले गेले, हे स्पष्ट करणे.
२) मराठी भाषक प्रदेशातील तत्कालीन चलनव्यवहाराच्या संदर्भात या मालिकेचे स्थान पाहणे.
३) १९५७ च्या दशमान पद्धतीशी तिचा संबंध तपासणे.
४) घाना व केनिया या आफ्रिकी राष्ट्रांच्या पहिल्या नाण्यांशी तुलना करून भारतीय निवडीचे वेगळेपण जोखणे.

लेखासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१९४७ पूर्वीचा रुपया : चेहरा आणि वजन

सत्ता बदलली की नाण्यावरील नाव तत्काळ बदलते, असा सर्वसाधारण समज आहे. मराठ्यांचा इतिहास या समजास पूर्णपणे दुजोरा देत नाही. अठराव्या शतकात पुण्याच्या परिसरात चालणाऱ्या अंकुशी रुपयासारख्या नाण्यांवर मोगल बादशहाचेच नाव होते. दिल्लीची सत्ता नाममात्र उरली होती. तरीही बाजाराला जे नाव ओळखीचे, तेच नाण्यावर ठेवणे सोयीचे होते. ईस्ट इंडिया कंपनीनेही दीर्घकाळ हाच मार्ग अनुसरला. १८३५ मध्ये कंपनीने आपल्या सर्व मुलुखासाठी एकच रुपया ठरविला, तेव्हा प्रथमच त्यावर चौथ्या विल्यमची मुखप्रतिमा आली. १८४० पासून व्हिक्टोरिया राणीचा चेहरा आला आणि ‘राणीछाप रुपया’ हा शब्द मराठीत रुजला. त्यानंतर सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहावा जॉर्ज अशी मालिका चालू राहिली.

नाण्यावरील चित्र लोक किती बारकाईने पाहतात, याचा अनुभव ब्रिटिश सरकारला १९११ मध्ये आला. पाचव्या जॉर्जच्या पहिल्या रुपयावर त्याच्या झग्यावरील पदकात हत्तीची आकृती होती. ती डुकरासारखी दिसते, अशी तक्रार झाली, मुस्लिम समाजात नाराजी पसरली आणि सरकारला ते नाणे मागे घेऊन आकृती सुधारावी लागली. नखाएवढ्याही नसलेल्या आकृतीने साम्राज्याला माघार घ्यावयास लावली.

परंतु रुपयावरचा विश्वास चेहऱ्यावर नव्हे, वजनावर आधारलेला होता. १८३५ च्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा (सुमारे ११.६६ ग्रॅम), आणि त्यातील चांदी बारा भागांपैकी अकरा भाग असे. त्यामुळे रुपया हे नाणे तर होतेच, शिवाय ते वजनाचे मापही होते. ‘रुपयाभार’ या शब्दाने मराठी घरांत औषध, केशर आणि सोने मोजले जाई. ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण हे कोष्टक याच मापावर उभे होते.

दुसऱ्या महायुद्धाने हा पाया हलविला. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. जुने अधिक चांदीचे रुपये पुढील तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने परत घेण्यात आले. अमेरिकेकडून सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी घेण्यात आली आणि ती चांदीच्याच रूपाने परत करावयाची होती. १९४६-४७ मध्ये रुपया, अर्धा रुपया आणि पाव रुपया ही नाणी शुद्ध निकेलची झाली. त्यांच्या एका बाजूस सहावा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूस वाघ होता. तांबेही दुर्मिळ झाल्याने १९४३ पासून मधोमध छिद्र असलेला ‘भोकाचा पैसा’ आला. म्हणजे स्वातंत्र्य मिळाले तेव्हा नव्याने पाडल्या जाणाऱ्या रुपयात चांदी उरली नव्हती. उरला होता तो केवळ शासनाच्या शब्दावरील विश्वास. नव्या सरकारला हा विश्वास जपावयाचा होता. १९५० च्या निवडीमागील सावधपणा या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

संधिकाल : १९४७ ते १९५०

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ध्वज बदलला. नाणे बदलले नाही. तीन वर्षे ब्रिटिश राजाचा चेहरा असलेली नाणीच स्वतंत्र भारतात चालू राहिली. याला घटनात्मक कारण होते. २६ जानेवारी १९५० पर्यंत भारत हे अधिराज्य होते आणि सहावा जॉर्ज हा औपचारिक राजप्रमुख होता. ‘भारताचा सम्राट’ ही पदवी त्याने जून १९४८ मध्ये सोडली. पण ती पदवी कोरलेली नाणी बाजारात फिरतच राहिली.

व्यावहारिक अडचणीही होत्या. फाळणीमुळे लाहोरची टांकसाळ पाकिस्तानकडे गेली. मुंबई आणि कलकत्ता या दोन जुन्या टांकसाळींवर भार पडला. रिझर्व्ह बँक ३० जून १९४८ पर्यंत दोन्ही राष्ट्रांची मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहत होती. या अवघड काळात बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी १८९६ मध्ये जन्मलेले देशमुख ऑगस्ट १९४३ ते जून १९४९ या काळात त्या पदावर होते आणि ते पद भूषविणारे पहिले भारतीय होते. जेथे शिवराई जन्मली, त्याच डोंगरांच्या कुशीत जन्मलेल्या गृहस्थाकडे दोन नवजात राष्ट्रांच्या चलनाचा संसार विभागण्याचे काम यावे, हा इतिहासातील एक लक्षणीय योग म्हणावा लागेल.

पाकिस्तानला घाई करणे भाग होते. तेथे आरंभी भारतीय नोटांवर ‘पाकिस्तान सरकार’ अशी अक्षरे छापून काम भागविले गेले आणि १९४८ मध्येच चंद्रकोर व तारा असलेली नाणी आली. भारताला मात्र रुपया वारशाने मिळाला होता. त्यामुळे वाट पाहण्याची मुभा होती.

या काळात नोटांच्या संदर्भात जो विचार झाला, तो येथे महत्त्वाचा ठरतो. राजाच्या चित्राच्या जागी महात्मा गांधींचे चित्र घ्यावे असा आरंभी विचार होता आणि तशी संकल्पचित्रेही तयार झाली. अखेरीस एकमत झाले ते सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंहशीर्षावर. १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर ते प्रथम आले. ज्या राष्ट्रपुरुषाविषयी सर्वांच्या मनात आदर होता, त्याचाही चेहरा त्या वेळी बाजूला ठेवण्यात आला, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

१५ ऑगस्ट १९५० ची मालिका

प्रजासत्ताकाच्या घोषणेनंतर येणाऱ्या पहिल्या स्वातंत्र्यदिनी नवी नाणी प्रसृत झाली. त्या वेळी देशमुख केंद्रीय अर्थमंत्री होते. जॉन मथाई यांच्यानंतर त्यांनी नुकताच तो कार्यभार स्वीकारला होता.

या मालिकेत सात नाणी होती. रुपया, अर्धा रुपया व पाव रुपया ही निकेलची; दोन आणे, एक आणा व अर्धा आणा ही तांबे-निकेल मिश्रणाची; आणि पैसा कांस्याचा. सर्वांच्या दर्शनी बाजूवर सिंहशीर्ष होते. मागील बाजूवर मूल्यानुसार तीन चित्रे होती. निकेलच्या तिन्ही नाण्यांवर गव्हाच्या ओंब्या, आण्याच्या तिन्ही नाण्यांवर वशिंड असलेला बैल आणि पैशावर घोडा. सारनाथच्या शीर्षाखालील पट्टीवर हत्ती, घोडा, बैल व सिंह असे चार प्राणी कोरलेले आहेत; त्यांपैकी राजमुद्रेच्या चित्रात समोरून दिसतात ते बैल आणि घोडा. म्हणजे राजमुद्रेतील हेच दोन प्राणी सुट्या नाण्यांवर उतरले.

वाघाच्या जागी ओंबी आली, या बदलाचा अर्थ उघड आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची स्मृती ताजी होती, शिधावाटप चालू होते आणि धान्य आयात करावे लागत होते. शिकारीचे वैभव मिरविणाऱ्या साम्राज्याच्या वाघापेक्षा भुकेल्या देशाला धान्याचे कणीस अधिक जवळचे होते. समृद्धीची ही प्रतिमा त्या वेळी वस्तुस्थिती नव्हती. ते एक आश्वासन होते.

चित्रे अशी बदलली असली, तरी बाकी जवळजवळ सर्व काही कायम ठेवण्यात आले. रुपयाचे १६ आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे हे कोष्टक तसेच राहिले. दोन आण्यांचे नाणे चौकोनी, एक आण्याचे नागमोडी कडेचे, अर्ध्या आण्याचे चौकोनी आणि रुपया गोल, हे आकारही ब्रिटिश काळापासून चालत आलेलेच होते. निकेलच्या रुपयाचे वजनही ११.६६ ग्रॅम, म्हणजे पूर्वीइतकेच एक तोळा ठेवले गेले. धातूची किंमत वजनावर ठरण्याचा काळ संपला होता. तरी ‘रुपयाभार’ मोजणाऱ्या समाजासाठी ते वजन मोडले नाही.

यामागील विचार पुरेसा स्पष्ट आहे. निरक्षरांची संख्या मोठी असलेल्या देशात नाणे वाचले जात नाही. ते बोटांनी ओळखले जाते. अंधाऱ्या दुकानात, बाजारच्या गर्दीत चवली कोणती आणि पावली कोणती हे कडेवरून आणि आकारावरून कळते. चित्र बदलल्याने कोणाचेही नुकसान होत नाही; आकार बदलला तर पहिला फटका अशिक्षित गिऱ्हाइकाला बसतो. म्हणून डोळ्यांसाठी नवे आणि बोटांसाठी जुने, असा हा समन्वय होता.

एक नाणे मात्र या मालिकेत आले नाही, ते म्हणजे पै. आण्याचा बारावा भाग असलेली पै १९४२ नंतर पाडली गेली नव्हती आणि प्रजासत्ताकानेही ती पुन्हा पाडली नाही. हिशोबाच्या वहीत रुपये-आणे-पै हे तीन रकाने राहिले. बाजारात मात्र तिसऱ्या रकान्याचे नाणे नव्हते. ‘पै न् पै’ वसूल करण्याची भाषा उरली, पै गेली.

नाण्यावरील भाषा

मालिकेची एक बाजू अधिक चिकित्सेने पाहण्यासारखी आहे. १९०६ पासून चालत आलेल्या ब्रिटिश काळातील एक आण्याच्या नाण्यावर मूल्य इंग्रजीखेरीज उर्दू, देवनागरी, बंगाली आणि तेलुगू या चार लिप्यांत लिहिलेले असे. परक्या सत्तेने व्यवहाराच्या सोयीसाठी केलेली ती तडजोड होती. १९५० च्या नाण्यांवर मूल्य इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत आले आणि वर्ष आंतरराष्ट्रीय अंकांत. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ मधील राजभाषाविषयक तडजोड, म्हणजे देवनागरीतील हिंदी, आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे अंक आणि काही काळ इंग्रजी, ही अशा रीतीने धातूवर उतरली.

तथापि दर्शनी बाजूवर सिंहशीर्षाभोवती असलेली अक्षरे केवळ इंग्रजीत होती आणि त्यांचा अर्थ ‘भारत सरकार’ असा होता. संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात असलेले ‘भारत’ हे नाव देवनागरीत या नाण्यांवर कोठेही नव्हते. ते आले १९५७ च्या मालिकेत, ‘भारत’ आणि ‘इंडिया’ अशा जोडीने, आणि तेव्हा ‘सरकार’ हा शब्द गळून पडला. पहिल्या नाण्याने शासनाचे नाव सांगितले. राष्ट्राचे नाव सांगण्यास आणखी सात वर्षे लागली.

मराठी मुलुखातील तीन चलने

‘देशाचे पहिले नाणे’ असे म्हणताना ते देशभर एकाच दिवशी एकाच अर्थाने पोहोचले असे गृहीत धरले जाते. मराठी भाषक प्रदेशाचा विचार केल्यास हे गृहीतक टिकत नाही.

मुंबई राज्यातील जिल्ह्यांत ब्रिटिश रुपया चालत होता. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात, पनवेलच्या भातबाजारात किंवा उरणच्या मिठागरांवर, जुन्या रुपयाशेजारी नवा रुपया सहज येऊन बसला. मराठवाड्याची स्थिती निराळी होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे तत्कालीन जिल्हे निजामाच्या राज्यात होते आणि तेथे ‘हाली सिक्का’ हे स्वतंत्र चलन होते. ब्रिटिश रुपयाला तेथे ‘कलदार’ म्हणत. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा दर होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झाले, तरी हाली सिक्का लगेच नाहीसा झाला नाही. १९५० च्या दशकात तो क्रमाक्रमाने व्यवहारातून दूर झाला. मराठवाड्यातील माणसाला नव्या रुपयावरील सिंहांपेक्षा ‘हालीचे कलदार किती?’ हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा होता. त्याच्या दृष्टीने चलनाचे एकीकरण हाच मुक्तीचा रोजचा अनुभव होता. निजामाची हैदराबाद येथील टांकसाळही पुढे केंद्र सरकारकडे आली.

गोव्यात तर पोर्तुगीज सत्ताच होती. तेथील ‘रुपिया’ १६ तांगांचा होता. भारतातील दशमान पद्धतीच्या पाठोपाठ, १९५८-५९ मध्ये, पोर्तुगीजांनी रुपिया काढून एस्कुदो हे चलन आणले. एका रुपियाचे सहा एस्कुदो झाले. नाव, हिशोब आणि भाषा या तिन्ही बाबतींत गोव्याचे चलन शेजारच्या कोकणापासून तोडण्याचाच तो परिणाम होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर भारतीय रुपया तेथील चलन झाला. थोडक्यात, मराठी माणसाच्या हातात स्वतंत्र भारताचे नाणे तीन वाटांनी आणि तीन वेगवेगळ्या वेळी आले.

हिशोबाचे स्वातंत्र्य : १९५७

१९५० मध्ये टाळलेला अवघड बदल १९५७ मध्ये करण्यात आला. भारतीय नाणे अधिनियमात सप्टेंबर १९५५ मध्ये दुरुस्ती झाली. त्या वेळीही अर्थखाते देशमुखांकडेच होते. अंमलबजावणी १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली, तोपर्यंत त्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर, मुंबईच्या संदर्भात, १९५६ मध्ये राजीनामा दिलेला होता. रुपयाचे १०० नवे पैसे झाले. जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून जोडलेले ‘नवा’ हे विशेषण १ जून १९६४ रोजी काढून टाकण्यात आले. नव्या नाण्यावर ‘रुपयाचा शंभरावा भाग’ अशा अर्थाचे हिंदी शब्द कोरण्यात आले; नाणे लोकांना गणित शिकवू लागले.

हे गणित सोपे नव्हते. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. अर्धा किंवा त्याहून कमी अंश सोडून द्यावयाचा आणि अधिक असल्यास पूर्ण धरावयाचा, हा नियम होता. त्यानुसार एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ नवे पैसे होत. जो एकदम रुपया मोडतो त्याला १०० नवे पैसे मिळत. जो सोळा वेळा एकेक आणा मोडतो त्याच्या वाट्याला ९६ येत. उलट एका जुन्या पैशाचे, म्हणजे १.५६ चे, २ नवे पैसे होत. जुन्या पैशाला मिळणारी वस्तू दुकानदाराने दोन नव्या पैशांना विकली तर गिऱ्हाइकाला चतुर्थांशाहून अधिक भुर्दंड पडे. लहान रकमेचा व्यवहार ज्याचा जास्त, त्याला या अपूर्णांकांची झळ जास्त, असे या संक्रमणाचे स्वरूप होते. १९५० मध्ये शासनाने दाखविलेली सावधगिरी अनाठायी नव्हती, हे यावरून दिसते.

सांस्कृतिक परिणामही दूरगामी होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी ही पाठांतरे मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. रुपये-आणे-पै आणि मण-शेर-छटाक यांचा हिशोब तोंडी करण्याचे ते साधन होते. पैसे दशमान झाले, १९५६ च्या अधिनियमानंतर वजनेही क्रमाने दशमान झाली आणि त्या पाठांतराची गरज ओसरली. १९६२ मध्ये नव्या मालिकेतील रुपया आला तो १० ग्रॅम वजनाचा. तोळ्याशी असलेले रुपयाचे नाते तेथे संपले. भाषेने मात्र हा बदल पूर्णपणे स्वीकारला नाही. ३० जून २०११ पासून २५ पैशांचे नाणे चलनातून बाद झाले, तोपर्यंत लोक त्याला ‘चार आणे’च म्हणत होते, आणि ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार तर आजही शाबूत आहे.

आफ्रिकी अनुभवाशी तुलना

भारतीय रुपयाचा आफ्रिकेशी संबंध जुना आहे. झांझिबार व मोंबासा या बंदरांतील व्यापार रुपयात चाले. १८९६ मध्ये युगांडा रेल्वेचे बांधकाम सुरू झाले आणि त्यासाठी भारतातून मजूर गेले, तेव्हाही रुपयाच चालत होता. १९२० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत आधी फ्लोरिन व नंतर शिलिंग आला. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या टांकसाळीने ऑस्ट्रेलियाप्रमाणे पूर्व आफ्रिकेसाठीही नाणी पाडली. म्हणजे स्वतःच्या देशासाठी स्वतंत्र नाणे पाडण्यापूर्वीच मुंबईने साम्राज्याच्या इतर भागांना नाणी पुरविली होती.

घाना ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी तेथे ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेतील अनेक वसाहतींचे सामायिक चलन होते. त्यामुळे स्वतंत्र होताच वेगळे नाणे काढणे घानाला आवश्यक ठरले. १९५८ मध्ये लंडनच्या टांकसाळीत पाडलेली ती नाणी पौंड-शिलिंग-पेन्स पद्धतीचीच होती. म्हणजे जुना हिशोब राखण्याची सावधगिरी घानानेही पाळली. परंतु चेहऱ्याच्या जागी चेहराच आला. नाण्यावर क्वामे एन्क्रुमा यांची मुखप्रतिमा होती आणि भोवती ‘घाना राज्याचा संस्थापक’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे होती. १९६५ मध्ये सेडी हे दशमान चलन आले, त्यावरही एन्क्रुमाच होते. फेब्रुवारी १९६६ मध्ये लष्करी उठावात त्यांची सत्ता गेली आणि १९६७ मध्ये घानाला नवे चलन काढून नाणी बदलावी लागली. नेता आणि नाणे एकत्र बांधले की नेत्याचे पतन हे चलनाचेही संकट होते, हे येथे दिसते.

केनियाच्या १९६६ च्या पहिल्या नाण्यांवर जोमो केन्याटा होते. टांझानियाने ज्युलियस न्येरेरे यांना स्थान दिले. युगांडाने मात्र त्याच वर्षी शिरावर तुरा असलेल्या आपल्या क्रौंच पक्ष्याची निवड केली. केनियात केन्याटांनंतर त्यांचे उत्तराधिकारी नाण्यांवर येत गेले. अखेर २०१० च्या संविधानात नोटा व नाण्यांवर कोणत्याही व्यक्तीचे चित्र असू नये अशी तरतूद झाली आणि डिसेंबर २०१८ मध्ये जिराफ, गेंडा, सिंह व हत्ती असलेली नाणी प्रसृत झाली. भारताने १९५० मध्ये जी निवड केली, तिच्यापर्यंत केनिया अर्धशतकाच्या अनुभवानंतर घटनात्मक मार्गाने पोहोचला.

ही तुलना करताना दोन मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, भारताकडे स्वतःचे चलन, मध्यवर्ती बँक आणि एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उभारणी सुरू झालेली मुंबईची टांकसाळ अशी सिद्ध यंत्रणा होती. त्या काळच्या रुपयावरील वर्षाखाली असलेला हिऱ्याच्या आकाराचा लहानसा ठसा आजही मुंबईची ओळख देतो. घानाजवळ असे काही नव्हते. त्यामुळे त्याच्या निवडीला घाईची किनार होती. दुसरी, भारताचा संयम कायमस्वरूपी नव्हता. १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या निधनानंतर त्यांची मुखप्रतिमा असलेली नाणी निघाली, १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीची नाणी निघाली आणि १९९६ पासून नोटांच्या मालिकेवर गांधीजींचे चित्र आले. तरीही एक फरक महत्त्वाचा आहे. नेहरू सतरा वर्षे पंतप्रधान होते. त्यांच्या हयातीत सर्वसामान्य चलनातील नाण्यावर त्यांचा चेहरा आला नाही.

निष्कर्ष

१) १९५० च्या मालिकेने नाण्याची दर्शनी बाजू बदलली आणि नाण्याचा व्यवहार कायम ठेवला. सार्वभौमत्वाचा आविष्कार चित्रात झाला. विश्वासाचे रक्षण वजन, आकार आणि कोष्टक यांच्या सातत्याने झाले.
२) व्यक्तीऐवजी सिंहशीर्षाची निवड केल्यामुळे भारतातील पुढील सत्तांतरांचा चलनाशी संबंध आला नाही. घानाच्या अनुभवाने या निवडीचे मोल अधोरेखित होते.
३) भाषेच्या बाबतीत ही मालिका अपुरी होती. एक आण्यावरील चार भारतीय लिप्यांचे स्थान एका लिपीने घेतले आणि ‘भारत’ हे नाव १९५७ पर्यंत नाण्यावर आले नाही.
४) मराठी प्रदेशात हे नाणे मुंबई राज्य, मराठवाडा आणि गोवा अशा तीन निरनिराळ्या संदर्भांत पोहोचले. चलनाचा राष्ट्रीय इतिहास प्रादेशिक इतिहासाशिवाय पूर्ण होत नाही.
५) सामान्य माणसाच्या जीवनात खरी उलथापालथ झाली ती १९५७ च्या हिशोबबदलाने. तिचा भार लहान रकमेचे व्यवहार करणाऱ्यांवर अधिक पडला.

शिवराईवर राजाचे नाव होते, राणीछाप रुपयावर राणीचा चेहरा होता. १९५० च्या रुपयावर यांपैकी काहीच नव्हते. कोणत्याही एका माणसाचे नसलेले हे नाणे सर्वांचे असावे, अशी त्यामागील धारणा होती. ती धारणा व्यवहारात किती उतरली, याचा शोध घेण्यासाठी गावोगावच्या वाण्यांच्या वह्या, सहकारी पतपेढ्यांचे रोजकीर्द-खतावणीचे दप्तर आणि वृद्धांच्या आठवणी ही साधने अद्याप उपलब्ध आहेत. ती नष्ट होण्यापूर्वी महाविद्यालयीन स्तरावर त्यांचे संकलन होणे अगत्याचे आहे.